दोमिएंची चित्रे कोरीव नव्हेत, शिळाछापाची

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतील लेखात एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए यांची पॅरिसच्या रस्त्यांवरची व्यंगचित्रे 'कोरीव' म्हटली आहेत आणि राजकारणाचा कंटाळा आल्याने ते रस्त्याकडे वळले, असेही लिहिले आहे. दोन्ही विधाने दुरुस्त व्हायला हवीत.

ही चित्रे आपल्या जुन्या शिळाछाप पोथ्यांच्या जातीची. बव्हेरियातील सोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड वाळू-पाण्याने घासून दाणेदार करायचा. मेण, साबण, चरबी आणि काजळीच्या खडूने त्यावर उलटे चित्र काढायचे. मग डिंक आणि किंचित नायट्रिक आम्ल यांचे पाणी फिरवायचे. कोरायचे काहीच नाही. दगड ओला ठेवून शाईचा रूळ फिरवला की तेलकट रेष शाई धरते आणि कोरी जागा ती झिडकारते. आम्ल तेज झाले तर आधी जातात त्या फिकट करड्या छटा. दगड सुकला तर कोऱ्या जागेवरही शाई चढते. काम चालू असताना नुसते बोट टेकले, तरी त्याच्या तेलाने छापात काळा ठसा उमटतो! कोरणाऱ्याचे दिवस वाचले म्हणूनच १८३२ साली निघालेले, दोमिएंची चित्रे छापणारे 'ल शारिवारी' हे दैनिक रोज नवे चित्र देऊ शकले.

आता 'कंटाळ्या'विषयी. फ्रान्सच्या लुई-फिलिप राजाला खादाड राक्षस दाखवणाऱ्या 'गार्गांतुआ' या चित्राबद्दल दोमिएंना सहा महिन्यांची शिक्षा झाली, तरी त्यांनी राजकीय चित्रे सोडली नाहीत. सप्टेंबर १८३५च्या कायद्याने मात्र प्रत्येक चित्राला छापण्याआधी सरकारी परवानगी लागू लागली. लेखी मजकुराला ती अट नव्हती, हे लक्षात घ्यावे. त्यानंतर दगडावर आले भाडेकरू, घरमालक, भामटे दलाल. १८३९च्या एका चित्रात घोड्यांच्या ऑम्निबसमध्ये दारुडा आणि खाटीक यांच्यामध्ये एक बाई चेपून बसली आहे. ती अवघडलेली बाई पाहून कंटाळलेल्या माणसाचे हे काम आहे, असे कोण म्हणेल? फेब्रुवारी १८४८च्या क्रांतीत राजा पळाला, त्याचा धाक गेला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यातच दोमिएंनी रस्त्यावरचे पोर थेट राजवाड्यातल्या सिंहासनाच्या गादीत रुतवून बसवले.

आणखी एक. आपण छापलेल्या चित्रात मागच्या पानाचा मजकूर आरपार दिसतो, कारण मूळ प्रत वर्तमानपत्राच्या पानाची आहे. याच चित्रांच्या पाठकोऱ्या, जाड कागदावरच्या वेगळ्या प्रतीही निघत. करड्या छटा त्यांतच नीट दिसतात. पुढच्या वेळी तशी प्रत मिळवावी आणि चित्राखाली मालिकेचे नाव व तारीख द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे