चांदणीला सोनतळीला न्यायचं ठरवलंय

पुणे,
10 मे 2025

ती. आबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेलं की आबा, तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि फोन आईकडे देता. आई लगेच "जेवलीस काय?" विचारते आणि विषय तिथंच मिटतो. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

सोनतळीच्या उंचावरच्या प्लॉटवर आपल्या घोडीसाठी, चांदणीसाठी, शेड घालायचं काम मी दिलंय. पैसेही देऊन झालेत. मृग लागायच्या आत तिला तिकडं न्यायचं आणि यंदा तुम्ही दोघांनीही तिच्याबरोबर जायचं, दसऱ्यापर्यंत राहायचं. तुम्हाला न विचारता ठरवलं, हे माझं चुकलं. पण विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता, आणि आपल्या चिखली गावात "बघू" म्हणेपर्यंत पंचगंगा उंबऱ्याला लागते.

2019 चा ऑगस्ट माझ्या डोक्यातून जात नाही. धोक्याची पातळी 43 फूट आणि पाणी 55 च्या वर. शिरोलीजवळ हायवे बंद, मी इथं फोन कानाला लावून बसलेली. बोट दारात आली तेव्हा आबा, तुम्ही चढला नाहीत. "हिला कुठं बसवू?" एवढंच म्हणालात. आई एकटी बोटीतून गेली आणि तुम्ही चांदणीची आयाळ धरून छातीभर पाण्यातून निघालात. हे मला दिवाळीत कळलं, तेही शेजारच्या मामींकडून. आई, तू त्या दिवशी सोनतळीच्या रस्त्यावर भिजत उभी होतीस, दोन तास, आणि मला कधी एका शब्दानं बोलली नाहीस. 2021 ला पुन्हा तेच झालं. तेव्हा तुम्ही 70 चे होता आणि ती 22 ची. आता तुम्ही 74 आणि ती 26. आता पाण्यात कोण कुणाला ओढून काढणार, सांगा.

आबा, तुमच्यानं होत नाही असं मी म्हणत नाही. फाल्गुनात गोठ्यात पाय घसरला तो ओल्या कोब्यामुळं, हे मला मान्य आहे. म्हणून नव्या शेडमध्ये रबरी मॅट टाकायला सांगितलीय. पण त्या रात्री दोन वाजता तुम्ही तिथं पडून होता आणि चांदणी खिंकाळत राहिली म्हणून आईला जाग आली, हे ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

तिला तुमच्यापासून तोडायचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. मी तोडीन तरी कशी? ती जन्मली तेव्हा मी 11 वर्षांची होते. पहाटे बॅटरी घेऊन तुम्ही मला उठवलंत, "बाळे, चल, शिंगरू झालंय." तासाभरात ते लटपटत उभं राहिलं, सगळे पायच पाय, आणि कपाळावर ती चांदणी. शाळेतून येताना वेशीपाशी माझ्या सायकलची घंटी वाजली की ती दाव्याला ओढ घ्यायची. गणितात नापास झाले ते आधी तिच्या कानात सांगितलं होतं, मग आईला. आजी गेली त्या रात्री घर माणसांनी भरलेलं, मला कुणी शोधलंही नाही. मी तिच्या मानेला टेकून बसले होते. सकाळपर्यंत तिनं पाय हलवला नव्हता, आबा. तुम्ही पाहिलंत आणि मला न उठवता घोंगडं टाकून गेलात.

तिकडच्या घरात तुमची गैरसोय व्हायची नाही. आई, ओटा तुझ्या उंचीचा करून घेतलाय, चूलही मागं राहू दिलीय, भाकरी तुला गॅसवरची आवडत नाही म्हणून. तुळस कुंडीत लावून नेऊ. कमोड बसवलाय, आबांच्या गुडघ्यासाठी. दिवसा शेतावर यायला वडापची जीप आहेच. आणि शाहू महाराजांनी सोनतळीला कॅम्प केला तो जागा बघूनच, असं तुम्हीच मला लहानपणी सांगायचा.

आता ऐका. इथं घोड्यांच्या डॉक्टरांना भेटून सगळं विचारलंय. चांदणी गवत चघळून गोळे खाली टाकते ना, ते खोडीनं नाही, दाढा झिजल्यात तिच्या. उसाचं वाढं अख्खं घालू नका. चारा बारीक कुट्टी करून, चंदीतले हरभरे रात्री भिजवून आणि कोंडा ओला करूनच द्यायचा. गूळ बंद. आबा, बंद म्हणजे बंद, खिशातला खडासुद्धा नाही, वय झालेल्या घोडीच्या खुरांना गोड बाधतं. नालबंदाला दर दीड-दोन महिन्यांनी बोलवा. पोटाकडं वळून बघायला लागली, पाय आपटायला, लोळायला लागली, तर ओवा-हिंग करत बसू नका, लगेच डॉक्टर. घोड्याला उलटी होत नाही, पोटात अडकलं ते जीवावर बेततं. रात्रीची चंदी शेजारचा पोरगा घालेल, त्याच्याशी मी बोललेय. तुम्ही फक्त खरारा करायचा, सकाळी, उन्हात. तो दुसऱ्या कुणाच्या हातचा तिला चालत नाही आणि ते मी कुणाला सांगणारही नाही.

रागावला असाल तर रागवा. पण ब्लडप्रेशरची गोळी चुकवू नका, आणि आई, तू तुझा चष्मा बदलून घे, तीन महिने झाले सांगतेय.

मी 31 ला, शनिवारी येते, पोरालाही आणते. सकाळी ऊन चढायच्या आत निघू. आधी जोतिबाच्या डोंगराकडं तोंड करून नारळ वाढवू, त्याचं वाहनही घोडाच आहे. म्होरकी मी धरीन, तुम्ही दोघं धाकट्या काकांच्या गाडीतून हळूहळू मागं या. ती माझ्याबरोबर चालेल की नाही याची मला थोडी धाकधूक आहे, किती वर्षांत मी तिला चालवली नाही. म्हणून एक करा आबा. माळ्यावरची माझी सायकल खाली काढायला लावा, तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका. घंटीला तेल घाला आणि वाजते का बघा.

तुमची,
बाळी