ऑइल पंपाची गळती पेस्टने बुजवू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्यांच्या पुनर्बांधणीविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून जे छापून येते ते मी आस्थेने वाचतो. त्यात रंग, क्रोम आणि गादीकामाचे वर्णन सविस्तर असते. इंजिन मात्र ‘नव्याने बांधून घेतले’ एवढ्याच वाक्यात आटोपते. त्या बांधणीतील ऑइल पंप या, इंजिनभर तेल फिरवणाऱ्या एका भागाविषयी मला लिहावेसे वाटते, कारण त्याच्या चुकीच्या दुरुस्तीतून माझ्या जीपचे इंजिन थोडक्यात बचावले आहे.

माझी जीप 1968 सालची असून तिला ‘हरिकेन’ या नावाचे, 134 घनइंची म्हणजे सुमारे 2.2 लिटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन आहे. या इंजिनाचा ऑइल पंप चेंबरच्या, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीच्या, आत नसून ब्लॉकच्या डाव्या बाजूला बाहेरून बसवलेला असतो. बोअर, क्रँक, बेअरिंग अशी सर्व कामे करून इंजिन बसवले, तरी रोज सकाळी बेलहाउसिंगखाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या आवरणाखाली, तेलाचा डाग दिसू लागला. क्रँकचे मागचे सील गेले असावे असे समजून गिअरबॉक्स उतरवण्याची तयारी झाली होती. सुदैवाने त्याआधी एका वयस्कर मिस्त्रींनी इंजिनाची ती बाजू रॉकेलने स्वच्छ धुऊन कोरडी केली, तिच्यावर खडूची पूड मारली आणि इंजिन दहा मिनिटे चालू ठेवले. पंपाच्या झाकणाच्या कडेने पूड ओली झाली. तेथून निघालेले तेल ब्लॉकच्या अंगाने मागे ओघळून बेलहाउसिंगवरून टपकत होते.

अशा पंपाला गळतीच्या तीन जागा असतात: ब्लॉक आणि पंप यांचा सांधा, पंपाचे झाकण आणि तेलाचा जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या बुचाखालचा वायसर. पहिल्या आणि तिसऱ्या जागी नवे पॅकिंग घातले की बहुधा भागते. झाकणाचे तसे नाही. तेथील कागदी पॅकिंग तेल अडवते आणि त्याच वेळी आतल्या रोटरला, म्हणजे तेल ढकलणाऱ्या फिरत्या भागाला, किती मोकळीक मिळावी हेही ठरवते. ही मोकळीक कारागिरांच्या भाषेत अवघ्या काही थाऊंची, म्हणजे इंचाच्या काही हजारांश भागांची असते. ज्या गॅरेजात माझे इंजिन बांधले गेले तेथे गळती थांबावी म्हणून जाड पॅकिंग कापून घातले होते आणि त्यावर दोन्ही बाजूंनी सिलिकॉनची पेस्ट थापली होती. त्यामुळे तेल रोटरच्या कडेने उलट फिरू लागले, आणि इंजिन तापल्यावर मंद गतीला तेलाचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जवळजवळ शून्यावर येऊ लागला. एवढे करूनही गळती थांबली नव्हतीच.

पेस्टचा धोका याहून मोठा आहे. तेल गाळणारी जाळी पंपाच्या आधी, चेंबरमध्ये असते. माझ्या इंजिनातला फिल्टर बायपास पद्धतीचा असल्यामुळे सगळे तेल त्यातून जात नाही. साहजिकच बोल्ट आवळताना आत दबून आलेला सिलिकॉनचा तुकडा सुटला, तर तो थेट बेअरिंगच्या तेलमार्गात जाऊन अडकू शकतो. पंप उघडल्यावर असा एक लोंबणारा तुकडा आम्हाला दिसला, तेव्हा माझ्या काळजाचे पाणी झाले.

खरे कारण साधे होते. वर्षानुवर्षे बोल्ट जास्त आवळल्यामुळे झाकणाच्या छिद्रांभोवतीचा पत्रा उचलला गेला होता, शिवाय रोटर घासून झाकणाच्या आतल्या बाजूस गोल चर पडली होती. मिस्त्रींनी जाड सपाट काचेवर बारीक एमरी पेपर अंथरून, रॉकेल टाकून, झाकण इंग्रजी आठच्या आकारात धीराने घासले आणि चर पूर्ण जाईपर्यंत ते हातावेगळे केले नाही. नंतर सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून मोकळीक मोजली, योग्य जाडीचे पातळ पॅकिंग फक्त तेल लावून बसवले आणि बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळले.

पंप परत चढवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. या इंजिनात प्लगना ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर पंपाच्याच शाफ्टवरून फिरतो, आणि दोहोंना जोडणारी खाच मध्यभागी नसून जरा बाजूला असते. गिअरचा एक दात जरी चुकला तरी ठिणगीचे टायमिंग बिघडते. म्हणून पंप काढण्यापूर्वीच पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून डिस्ट्रिब्युटरमधल्या (पंपातल्या नव्हे) रोटरची दिशा खुणेने नोंदवावी. शेवटी पंपात तेल भरून, प्लग काढून, गेज हलेपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवावे. कोरडा पंप तेल ओढत नाही.

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम जारी केले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी असलेल्या या नोंदणीत चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. हा नियम मला योग्यच वाटतो. मात्र मूळ इंजिन टिकवायचे तर ते दुरुस्त करता येणारे हातही टिकले पाहिजेत. आज आपल्या गावोगावच्या गॅरेजांत पंप मोजून पाहणारे मिस्त्री मोजकेच उरले आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी साठी ओलांडली आहे. राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांसमोर अशा मिस्त्रींकडून निदान एक जुने इंजिन पूर्ण उघडून बांधून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या वाहनविषयक पानावर या मिस्त्रींची कामाची पद्धत त्यांच्याच शब्दांत, मापांसह छापता आली, तर माझ्यासारखे अनेक वाचक ती कात्रणे जपून ठेवतील.

आपला नम्र,
एक जीपधारक वाचक, नाशिक