रॅम्प बांधताना कुणाला विचारले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या नगरपालिकेच्या दारात गेल्या वर्षी रॅम्प झाला. माझा धाकटा भाऊ व्हीलचेअर वापरतो, त्यामुळे सर्वांत जास्त आनंद आमच्या घरात झाला. दारातल्या पायऱ्या तीन, उंची दीड फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, या हिशेबाने रॅम्प अठरा फुटांचा हवा. मी टेप लावून मोजला, तो जेमतेम सात फूट भरला. खुर्ची वर ढकलायला दोन माणसे लागतात आणि उतरवताना ती उलटी धरावी लागते. एवढे करून वर पोहोचले की दाराला दोन बोटे उंच उंबरा आहेच. दिव्यांग निधीचा अर्ज मात्र पहिल्या मजल्यावर घेतात. तिथले कर्मचारी चांगले, एकजण स्वतः खाली येऊन सही घेऊन गेला. घरी परतताना भाऊ म्हणाला, "ताई, बांधायच्या आधी एकदा बोलावलं असतं, तर खुर्चीत बसूनच दाखवलं असतं मी."

त्याला कुणी बोलावले नाही, कारण बोलवायची पद्धतच नाही. मला एवढेच मांडायचे आहे.

74व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आली. तिच्या 18 विषयांत नववा विषय दुर्बल घटकांच्या, त्यात दिव्यांगांच्याही, हितरक्षणाचा आहे. म्हणजे हे रस्ते-पाण्यासारखेच नगरपालिकेचे काम आहे, कुणावर उपकार नव्हेत. स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे, असा शासनाचा आदेशही आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करायला मुदत घालून दिली होती. नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. कायदा आहे, पैसाही आहे. नाही ते ऐकून घेणारे माणूस.

समित्या नाहीत असे नाही. जिल्हा परिषदेत समाजकल्याण समिती असते, पालिकांमध्ये महिला व बालकल्याण समिती असते. पण या निवडून आलेल्या सदस्यांच्या समित्या. 2022पासून कित्येक महापालिका-नगरपालिकांत प्रशासक बसले, तेव्हा सभागृहच नव्हते, मग समित्या कुठल्या! प्रभाग समित्यांची घटनात्मक सक्ती तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना आहे, छोट्या गावांना तीही नाही. आडनाव ऐकून ज्याला घर भाड्याने नाकारले जाते, त्याने कोणते दार ठोठावायचे? राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे, आणि तो पाहतो ते मुख्यतः सरकारी नोकराच्या हातून झालेले उल्लंघन. घरमालक त्यात बसत नाही. तृतीयपंथीयांची, पालावर राहणाऱ्या भटक्या कुटुंबांची गत याहून वाईट. त्यांच्याकडे रहिवासाचा पुरावा मागितला जातो आणि गाडे तिथेच अडते.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने 1951च्या आपल्या सनदेतच मानवी संबंध आयोग लिहून ठेवला. घर, नोकरी, सार्वजनिक जागा यांतल्या भेदभावाच्या तक्रारी तो घेतो, चौकशी करतो, सुनावणी लावतो. आपल्याकडेही शहराच्या पातळीवर असे काही का असू नये?

सभागृहाच्या नुसत्या ठरावावर माझा विश्वास नाही. त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे. 1923मध्ये रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. 1924मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळ्यावर मात्र कुणाला जाऊ दिले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्यानंतर परतणाऱ्यांना मारहाण झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. तळ्याचा वाद न्यायालयात गेला, त्याचा अंतिम निकाल यायला 1937 उजाडले. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस बाबासाहेबांच्या बाजूचे होते, तरीही हे घडले. खुर्चीत भला माणूस असणे पुरत नाही, हे मी महाडवरून शिकले.

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक नगरपालिकेत समता समिती असावी आणि तिच्यातले निम्मे सदस्य ज्यांना हा त्रास रोज भोगावा लागतो त्यांच्यातले असावेत. सभा सर्वांना खुली असावी, इतिवृत्त फलकावर लागावे. तक्रारीला ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर मिळावे, नकार असला तरी कारणासह. दिव्यांग निधीतले कोणतेही बांधकाम या समितीने पाहिल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण बिल अडले की उंबरा आपोआप दिसू लागतो.

आमच्या गावापुरते सांगायचे तर मी मुख्याधिकाऱ्यांना रॅम्पच्या मोजमापासह अर्ज दिला आहे, पोच माझ्याजवळ आहे. अशी समिती झालीच, तर तिची पहिली बैठक तळमजल्यावर घ्यावी, एवढे त्यात शेवटी लिहिले आहे.

आपली,
एक वाचक