आशाताई, तुम्ही माझी विचारपूस केलीत

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या भागातल्या आशा, म्हणजे घरोघरी येणाऱ्या आरोग्यसेविका. तुमचं खरं नाव लिहीत नाही, पण सिडकोतल्या आमच्या गल्लीत हे पत्र कोणासाठी आहे ते सगळ्यांना कळेल.

बाळंतपणानंतर घरी येणारा जो तो बाळाचं विचारायचा. दूध पुरतं का, कोणावर गेलंय. तुम्हीही वजनाचा झोळीकाटा घेऊनच आलात. बाळाचं वजन केलंत, ताप पाहिलात, टिपून घेतलंत. मग वही मिटून सासूबाईंना म्हणालात, "आई, जरा चहा टाकता का?" त्या आत गेल्या आणि तुम्ही मला विचारलंत, "बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का गं?"

लागत नव्हती. बाळ गाढ झोपायचं आणि मी भिंतीकडे बघत जागी. डिंकाचा लाडू नुसता तोंडात फिरायचा. बाळ रडलं तरी उठवत नसे, मी आई व्हायच्या लायकीची नाही असं वाटायचं. चहाला उकळी येईपर्यंत हे सगळं मी सांगून टाकलं.

पहिल्या दिवसांतलं रडू बहुतेकींना येतं आणि पंधरवड्यात ओसरतं, असं तुम्ही म्हणालात. माझा तर महिना उलटला होता. मग तुम्ही मागचं विचारत गेलात. कॉलेजात असताना मला नैराश्याचे उपचार घ्यावे लागले होते. सातव्या महिन्यात वडील गेले. यांची अंबडमधली नोकरी सुटली. आणि दुसरीही मुलगीच म्हणून एका नातेवाइकांनी पेढा हातात घेऊन सुस्कारा टाकला. यातलं एकेक घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एकत्र मांडून पाहिलंत ते तुम्ही.

नंतर मी वाचलं. भारतातल्या ३८ अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे २२ टक्के बाळंतिणींना नैराश्य आढळलं. पैशाची ओढाताण, घरातली मारहाण, आधीचा मानसिक आजार, नवऱ्याची साथ नसणं ही कारणं त्यात आहेत, आणि मुलगी होणं हेही आहे. त्या लेकराचा यात काय दोष? दोष तिच्या पाळण्याशी उभं राहून बोलणाऱ्यांचा.

सासूबाई दृष्ट काढत होत्या. तुम्ही त्यांना अडवलं नाहीत. "काढा की, आणि सोमवारी हिला सिव्हिललाही पाठवा," म्हणालात आणि स्वतः सोबत आलात. तिथे डॉक्टरांनी मागच्या ७ दिवसांबद्दलचे १० प्रश्न विचारले. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हा शेवटचा. तुम्ही शेजारी होतात म्हणून मला खरं उत्तर देता आलं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, कारण त्यांच्यामुळेही असाच थकवा येतो. अंगावर पाजत असताना चालणारी गोळी दिली. रात्री एकदा बाळासाठी यांनी उठायचं, हेही डॉक्टरांनी यांनाच बजावलं. गोळीचा गुण यायला काही आठवडे गेले. तोवर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तुम्ही फ्रिजवर लिहून ठेवलात. फोन फुकट, मराठीत बोलता येतं, रात्री घाबरलीस तर लाव, म्हणालात.

केसपेपरच्या रांगेत माझ्यासाठी घालवलेल्या त्या सकाळचा मोबदला तुम्हाला कोणत्याच खात्यातून मिळाला नसेल. याची मला फार खंत वाटते.

तुमच्या फेरीत कुणा बाळंतिणीला सिव्हिलला एकटीनं जायचा धीर होत नसेल तर मला हाक मारा. धाकटीला सासूबाई सांभाळतात, मी सोबत येईन.

तुमची,
दोन लेकींची आई