यंदाची यादी चोडणच्या काठापर्यंत

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला जे आवडणार नाही ते आधीच लिहिते, म्हणजे बाकीचे शांतपणे वाचाल. येत्या जानेवारीपासून तुमची वर्षाची पक्षीयादी, म्हणजे वर्षभरात दिसलेल्या जातींची नोंद, आपल्या चोडण बेटाच्या बाहेर जाणार नाही. बोंडल्याचे रान नाही, मोल्याचे नाही, आणि काळोखात पहिली फेरीबोट धरून स्कूटरने करमळीचे तळेही नाही. तुमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींना मी कळवले आहे, दादाशीही बोलणे झाले आहे. डिचोलीच्या त्या रात्रीनंतर हे कुणीतरी ठरवायलाच हवे होते. आईला याची काहीच कल्पना नव्हती, तिलाही हे पत्रातूनच कळते आहे. रागवायचे ते माझ्यावर रागवा.

तुमच्याकडून मी काय काढून घेते आहे ते मला ठाऊक आहे. मलबारी कर्णा बेटावर दिसणार नाही, बेडूकमुख्या दिसणार नाही, आणि आपला राज्यपक्षी, तो लालगळ्या बुलबुल, तोही नाही. घाटाच्या दाट रानातले पक्षी खाडी ओलांडून कांदळात येत नाहीत. पण त्या रानात तुम्ही पहाटे उपाशी पोटी, फोनला रेंज नसताना असता, आणि तुमची साखर कधी उतरेल याचा नेम नाही. सत्तरीकडे 2015 पासून गोचिडींमुळे पसरणारा माकडताप आहे तो वेगळाच. साठी ओलांडल्यावर, त्यात मधुमेह असताना, असल्या तापाशी खेळ नको. हे डॉक्टरांचेही म्हणणे आहे, नुसती माझी भीती नाही.

आणि चोडण म्हणजे उरलेसुरले नव्हे, बाबा. पश्चिमेच्या टोकाला 178 हेक्टरचे डॉ. सालिम अली अभयारण्य, 1988 पासून राखलेले. त्याला लागून भरती-ओहोटीचा चिखल, मग बांध, बांधाआड खाजनाची, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेली, शेते आणि पोंयी (तिथली तळी), आणि वर वस्तीत माड, आंबे, फणस. पाच तऱ्हेची पक्ष्यांची घरे घरापासून चालत जाता येईल एवढ्या टापूत आहेत. लोक आपला पांढऱ्या गळपट्ट्याचा निळा खंड्या बघायला लांबून येतात. तुमच्या यादीत तो दर वर्षी असतो, पण कुठल्या महिन्यात किती आणि कुठल्या तिवरावर, हे तुमच्या वहीत नाही. लांबच्या फेऱ्यांनी यादी लांबते. एकाच जागी वर्षभर मोजले तर कोण आले, कोण गेले आणि कोण यायचे थांबले हे कळते. माझ्या मते दुसरे काम मोठे आहे, आणि ते तुमच्याइतके नीट करणारा बेटावर दुसरा नाही.

नियम पहिल्या दिवशीच वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून टाका, नाहीतर डिसेंबरात एका आकड्यासाठी मन डळमळते. तुमचे पाय बेटावर असताना दिसलेला किंवा ऐकलेला पक्षी धरायचा, मग तो मांडवीवरून उडत असला तरी. रायबंदरच्या फेरीबोटीत बसून दिसलेला धरायचा नाही, धक्क्यावर उतरल्यावर दिसला तर धरायचा. नुसते ऐकलेले चालेल, पण शंका असलेले नाही. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने नाव दाखवले म्हणून लिहायचे नाही. दयाळ आणि कोतवाल दुसऱ्यांच्या नकला करतात आणि ॲप फसते. त्याने सुचवावे आणि तुम्ही डोळ्यांनी किंवा कानांनी खात्री करावी.

ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या त्या संकेतस्थळावर, प्रत्येक फेरफटक्याची वेगळी यादी करा. सुरुवातीची वेळ, किती मिनिटे, किती अंतर. सबंध सकाळची एकच यादी केली की कांदळातला पक्षी शेतात नोंदला जातो आणि पुढे त्या नोंदीचा उपयोग राहत नाही. एका जागी बसून मोजलेले वेगळे, चालत मोजलेले वेगळे. निदान पंधरा मिनिटे मोजा. ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच ‘पूर्ण यादी’ला हो म्हणा, त्यात कावळे-साळुंक्याही आल्या. ‘क्ष’ लिहून सोडू नका, आकडा लिहा. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते बघायचे, आणि तेवढे तुकडे थव्यावर किती बसतात ते मोजायचे. आणि बगळे बांधाच्या या अंगाहून त्या अंगाला सारखे ये-जा करतात, म्हणून ज्या बाजूने मोजायला लागलात तिकडे पुन्हा वळू नका. नोंद पेन्सिलीने करा. शाई पावसातच नाही, घामानेही पसरते.

आता भरतीचे, कारण बेटावर घड्याळापेक्षा पाणी महत्त्वाचे. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ‘दर रविवारी सात वाजता’ असे ठरवले तर एका रविवारी चिखल उघडा आणि दुसऱ्या रविवारी बुडालेला सापडेल. मग पक्षी कमी झाले की पाणी जास्त होते, हे सांगता येणार नाही. आईच्या कॅलेंडरात तिथी असतेच. तिथीला पाऊणने गुणायचा कोकणातला जुना हिशोब तुम्हाला पाठ आहे, गोव्यात त्याहून थोडे अलीकडे धरा. कुठल्याही पक्षातल्या एकादशी ते त्रयोदशीला सकाळी अंदाजे आठ ते साडेनऊच्या दरम्यान पाणी भरते. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरतीच्या कोष्टकात बघा, आणि नदीत पाणी थोडे उशिरा पोहोचते हे लक्षात ठेवा. त्या दिवशी भरतीच्या दीड तास आधी बांधावर जाऊन बसायचे. पाणी चढते तसा चिखल आकसतो आणि दूर पसरलेल्या तुतवारी, चिखल्या, कर्ल्यू सरकत सरकत बांधाजवळ येतात. तुम्हाला पाऊलभरही चालायचे नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या पहाटे उलटे होते. चिखल पुरता उघडा असतो आणि पक्षी नुसते ठिपके दिसतात. ते दिवस घरी विश्रांतीचे.

पाणी उतरत असेल तेव्हा मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, बसा. मानशीची दारे भरतीला आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. त्या धारेबरोबर मासळी एका तोंडाशी गोळा होते, म्हणून तिथे खंड्यांच्या तीन-चार जाती आणि सगळे बगळे एकत्र भेटतात. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा, नाहीतर प्रत्येक पक्षी काळाच दिसेल. मानशीच्या दगडांवर मात्र चढायचे नाही. शेवाळ असते. आणि पाण्याच्या कडेला उभे राहायचे नाही. मांडवीच्या या फाट्यांतून मगरी आहेत, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी दटावून सांगायचात.

बगळ्यांवरून तुमचा आणि दादाचा वाद दर चवथीला होतो, तो एकदाचा मिटवा. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे, बोटे पिवळी. मध्यम बगळ्याची चोच थंडीत पिवळी, आणि तोंडाची रेघ डोळ्याखालीच संपते. मोठ्या बगळ्याची ती रेघ डोळ्याच्या मागे जाते. फसवतो तो समुद्री बगळ्याचा पांढरा प्रकार. त्याची चोच जाड, पिवळट-तपकिरी आणि टोकाकडे किंचित कललेली असते. राखी-काळ्या प्रकाराला शंकाच नाही, गळ्यावर पांढरा डाग दिसतो. तुतवारींमध्ये उडतानाचे पंख बघा. लाल पायाच्या तुतवारीला पंखांच्या मागच्या कडेला पांढरा पट्टा असतो, हिरव्या पायाचीला तो नसतो, तिच्या पाठीवर पांढरी पाचर चढत जाते. तपकिरी घार दिसली की शेपूट बघा. ब्राह्मणी घारीच्या पिल्लाची शेपूट गोल असते, साध्या घारीची दुभंगलेली.

जानेवारीत यादी भराभर वाढेल आणि तुम्हाला वाटेल, झाले. फेब्रुवारीत ती थांबते, तेव्हा कंटाळू नका. तुमच्यासारखे लोक तिथेच सोडतात आणि जून-जुलै रिकामा राहतो. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या वाटेवरचे पाहुणे थोडेच थांबतात, त्यांना लागोपाठ सकाळी बघावे लागते. पावसाच्या तोंडावर चातक. कोरगूट (खाऱ्या जमिनीतले भात) लावलेल्या खाजनात पाणकोंबडा आणि लाल तपस, माडावर सुगरणी. ऑगस्ट सरत आला की पहिल्या तुतवारी आणि धोबी परत येतात, आणि त्यांची पहिली तारीख वर्षभरातल्या मोलाच्या नोंदींपैकी एक असते. म्हणून पंधरा ऑगस्टपासून तरी खाडा करू नका. आणखी एक, दर वर्षी ईबर्ड जातींची नावे नव्याने मांडते, एका जातीच्या दोन होतात. यादीचा आकडा आपोआप बदलला तर घाबरू नका, तुमची नोंद कुठे जात नाही.

होडीतून अभयारण्यात जायचे तर भरतीलाच. ओहोटीला ओढ्यांत होडी चिखलात रुतते. आणि होडीवाल्याला सांगा, बसलेला थवा उडवून दाखवू नको. घरटे किंवा घुबडाची बसायची जागा कुणालाही कळवायची नाही. ध्वनिफीत वाजवून पक्षी बोलावायचा नाही, विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही.

आई, आता तुझे काम. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आणि पडवीतून दिसते ती यादी तुझ्या नावाने वेगळी. सकाळच्या चहाला पंधरा मिनिटे एका जागी बसायचे आणि मोजायचे. गुडघ्यांना काही ताण नाही. तू आवाजावरून हळद्या, भारद्वाज आणि शिपाई बुलबुल बाबांच्या आधी ओळखतेस, आणि हे बाबा कबूल करत नाहीत. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराजवळचे पक्षी मोजतात, तेव्हा तुझी यादीही जाऊ दे. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, ती बाबांकडे.

बाबा, नवी दुर्बीण कुरियरने पोहोचेल. 8 गुणिले 32, तुमच्या जुन्या 42 च्या दुर्बिणीपेक्षा हलकी. जुनी टाकून देत नाही आहोत, ती कपाटातच राहील. मानेच्या पट्ट्याऐवजी खांद्यांचा पट्टा लावा. मोतीबिंदू काढल्यावर जुनी जुळणी बदलली आहे. उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावा झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. चष्मा लावून बघणार असाल तर डोळ्यांची रबरे आत दाबून. मला खांद्यावर बसवून फेरीच्या धक्क्यावरून ‘बघ बाय, घार’ म्हणताना तुम्ही असेच आधी माझ्यासाठी भिंग फिरवून द्यायचात. आता स्वतःसाठी फिरवा.

आणि हे ऐकायचेच आहे. पोदेर (पाववाला) येऊन गेल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाही. अर्धी पोई (त्याचा कोंड्याचा पाव) आणि चहा पोटात, मगच गोळी, मगच टोपी. खिशात ग्लुकोजची पुडी आणि चार बिस्किटे, ती पक्ष्यांना घालायची नाहीत. घडीचा स्टूल न्या, आणि थर्मास आईने भरलेला, कोऱ्या चहाचा, बिनसाखरेचा. एप्रिलपासून साडेआठला घरी. पावसात खाजनात गमबुटाशिवाय पाऊल टाकायचे नाही. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) ताप होतो, आणि तुमच्या तळपायाला लागलेले तुम्हाला कळत नाही. घरी आल्यावर आईने दोन्ही तळवे उजेडात बघायचे. विजा चमकत असतील तर बांध नको आणि छत्रीही नको. फोन चालू ठेवा, आणि निघताना कुठल्या मानशीवर जाता ते आईला सांगा, ‘असाच फिरून येतो’ नको.

दर महिन्याला मी एका शनिवारी येईन, आणि येईन तेव्हा तुमच्यासोबत बांधावर बसेन. बोंडल्याला थंडीत एकदा, दिवसाढवळ्या, जेवून, गाडीने, मी चालवत नेईन. ती फेरी या यादीत धरायची नाही, पण कर्णा बघायचा.

तुमची,
बाय

ता. क. दुर्बिणीसोबत हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आहेत. जूनपासून दुर्बीण त्या डब्यातच ठेवा, चामड्याच्या पिशवीत नको, भिंगांना बुरशी तिथेच धरते. ओली असेल तर आधी पंख्याखाली सुकवून मग डब्यात. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की आईने ते तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत परतायचे. तो तवा मग भाकरीला वापरायचा नाही, एखादा जुना वेगळा काढून ठेव, आई.