वादळाच्या नकाशासोबत वेळ आणि वाऱ्याचा घेरही छापा

संपादक महोदय,

मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे दिवस. या दिवसांत हवामान खात्याचा नकाशा वर्तमानपत्रांत येतो आणि त्यातला रुंदावत जाणारा शंकू गोव्याला चुकवून गेला, की 'गोव्याला धोका नाही' असा मथळा पडतो. तो शंकू केवळ केंद्र कुठे असू शकेल एवढेच दाखवतो, वारा कुठवर पोचेल ते दाखवत नाही. तौक्ते गुजरातेत जमिनीवर चढले १७ मे २०२१ च्या रात्री. गोव्यात ते आलेच नाही, तरी इथे झाडे उन्मळून पडली आणि वीज गेली.

आपल्याकडे वारा वादळाच्या केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ उत्तरेकडे सरकत असले, की त्याच्या चालीचा वेग पूर्व बाजूच्या वाऱ्यात मिळतो. ही जोरकस बाजू नेमकी किनाऱ्याकडची.

समजा, हवामान खात्याच्या पत्रकात केंद्र १२.५ उत्तर, ७२.० पूर्व आणि चाल उत्तरेला ताशी १५ किमी दिली आहे. पणजी साधारण १५.५ उत्तर, ७३.८ पूर्व. अक्षांशाचा एक अंश १११ किमी, इथल्या रेखांशाचा सुमारे १०७. म्हणजे वादळ ३३३ किमी दक्षिणेला आणि १९३ किमी पश्चिमेला आहे. चाल तीच राहिली तर बावीस तासांत ते पणजीसमोर येईल. आता चारही दिशांच्या वाऱ्याचा तक्ता पाहा. ३४ नॉट, म्हणजे ताशी ६३ किमी वाऱ्याचा घेर केंद्रापासून ईशान्य-आग्नेयेला ११० नॉटिकल मैल, म्हणजे २०४ किमी असेल, तर केंद्र समुद्रातच राहूनही पणजीत तेवढा वारा येऊ शकतो.

केंद्राची वेळही छापायलाच हवी. संध्याकाळी साडेपाचचे स्थान वाचक सकाळी सातला वाचतो, तोवर हे वादळ दोनशे किमी पुढे सरकलेले असते. काही पत्रकांतली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तीत साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर आणखी घोटाळा.

नुसत्या कमी दाबाच्या क्षेत्राला धड केंद्रच नसते. तेव्हाचे दहा दिवसांपुढचे रंगीत नकाशे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते कृपया छापू नयेत. त्या क्षेत्राचा जोर वाढून डिप्रेशन (चक्रीवादळाआधीची पायरी) झाल्यावरच्या मार्गाला अर्थ असतो.

घरी वायुदाबमापक असलेल्यांसाठी एक सूचना: दाब रोज सकाळ-रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे-दुपारी चारच्या सुमारास उतरतो. म्हणून आजच्या चारचा आकडा कालच्या चारशीच ताडून पाहावा.

सर्वांत निकड ट्रॉलरवाल्यांची. मासेमारीबंदी १ जूनला लागते, त्यामुळे मेमधले वादळ त्यांना भर दर्यात गाठते. आठ नॉट वेगाने, म्हणजे ताशी आठ नॉटिकल मैल चालणाऱ्या ट्रॉलरला शंभर नॉटिकल मैल परतायला साडेबारा तास लागतात, लाटा समोरून असल्या तर त्याहून जास्त. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर सकाळी अंक उघडणाऱ्या मालकाला केंद्र, वेळ, चाल आणि घेर हे चार आकडे पहिल्याच पानावर मिळाले, तर बोट कधी परत बोलवायची ते त्याला तिथल्या तिथे ठरवता येईल.

— एक वाचक, वास्को