टेकडीवरचे गवत सरसकट कापू नका

महोदय,

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या काही मंडळींनी ‘गवत फार माजलंय, कापून टाका’ अशी मागणी चालवली आहे. एका वाटेच्या दोन्ही बाजू यंत्राने पार भुंड्या झालेल्याही मी पाहिल्या. मी निवृत्त विज्ञान शिक्षिका. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत रविवारी सकाळी आमच्या भागातल्या मुलांना किडे आणि कोळी दाखवायला टेकडीवर नेते. म्हणून हे पत्र.

त्या गवतात काय असते ते पाहायचे, तर भाद्रपद-अश्विनात उन्हे वर यायच्या आत जावे. दव पडलेले असते तेव्हा जमिनीलगत चादरी अंथरल्यासारखी जाळी दिसतात. प्रत्येक जाळ्याच्या एका कडेला नळीसारखे बीळ आणि त्याच्या तोंडाशी टपून बसलेला कोळी. काडीने जाळे अलगद हलवले की तो सर्रकन बाहेर येतो, फसवणूक कळताच आत पळतो. जरा वर, झुडपांच्या मध्ये, सिग्नेचर स्पायडरचे गोल जाळे. मादी डोके खाली करून मधोमध बसते, आठ पाय दोन-दोन जुळवून फुली करते आणि त्याच फुलीच्या रेषेत जाड पांढरी नागमोडी वीण घालते. ही वीण किड्यांना भुलवायला, की पाखरांनी जाळ्यात शिरू नये म्हणून, याबद्दल अभ्यासकांचे अजून एकमत नाही. वर्गात हे सांगितले असते तर मुलांनी मुकाट्याने वहीत उतरवून घेतले असते. टेकडीवर ती वाद घालतात. शेजारी लटकलेला इवलासा तपकिरी कोळी म्हणजे याच मादीचा नर, हे तर त्यांना पटतच नाही.

पाऊस ओसरला की ही मादी झुडपात, गवतात अंड्यांची पिशवी बांधते आणि काही दिवसांत मरते. पुढची सगळी पिढी त्या पिशवीत असते. आपण गवत मुळापासून कापतो किंवा पौष-माघात कोणी पेटवून देतो, तेव्हा नेमकी तीच जाते. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांच्या दाट लागवडीखाली आधीच फारसे काही दिसत नाही. जे आहे ते मोकळ्या गवतात आणि बोरी-बाभळीच्या आसऱ्याने.

मृगाचे किडे तर चार दिवसांचे पाहुणे. लाल मखमली अंगाच्या या जिवाला आठ पाय असतात, तो कोळ्यांचा भाऊबंद, हे मुले आपणच मोजून ठरवतात. रुईवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे नाकतोडे असतात. रुईचा विषारी चीक ते पचवतात आणि त्याच विषाच्या जोरावर शत्रूंपासून वाचतात. पावसाळा संपताना गवतावर घिरट्या घालणाऱ्या पिवळसर चतुरांची जात समुद्र ओलांडून, मालदीवमार्गे आफ्रिकेपर्यंत जाते, असे अभ्यासक सांगतात. शहराच्या मधोमध, फुकटात हे पाहायला मिळते आहे.

गवतामुळे डास होतात, हा समज चुकीचा आहे. डासांची अंडी साचलेल्या पाण्यात असतात आणि डास खाणारे चतुर व कोळी याच गवतात. सापांची भीती मात्र मी समजू शकते. पायाखालची वाट दिसलीच पाहिजे. त्यासाठी वाटेच्या दोन्ही कडांना हातभर पट्टा कापावा, त्यापलीकडे यंत्र नेऊ नये. वणवा रोखायला जाळरेषा, म्हणजे गवत काढलेले मोकळे पट्टे, लागतात, त्या ठरलेल्या जागी आणि अरुंद काढाव्यात. कापणी ठरवण्याआधी संबंधितांनी टेकडीवर नेहमी येणाऱ्या निसर्गप्रेमींसोबत एक फेरी मारावी. मी यायला तयार आहे, फक्त सकाळी साडेसहाला निघावे लागेल.

– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे